घोळक्यात विचारू नका

बाबांना लकवा मारल्यावर चिमूरच्या आमच्या घरी नर्स येऊ लागली. पाठीवरची जखम, बीपी, साखर, सगळं वहीत नीट लिहिलं जाई. आकडे सुधारत होते आणि बाबा खंगत चालले होते. जेवण दोन घासांवर आलं. धानाच्या रोवणीची चौकशी थांबली. रात्री छातीत धडधडतं म्हणून ते उठून बसत. ईसीजीत काही निघालं नाही. "लकव्यात माणूस असाच होते," भेटायला येणारे म्हणत. या बोलण्यावर विसंबू नका. लकव्यातून वाचलेल्या साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं, आणि त्यावर उपचार आहेत.

आशाताई तिशीपुढच्या माणसांचा जो सरकारी फॉर्म भरतात, त्यात मधुमेह-रक्तदाबाबरोबर मनाचेही दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का? उदास, हताश वाटलं का? कधीच नाही म्हटलं तर ०, जवळपास रोज म्हटलं तर ३. दोन्हींची बेरीज ३ किंवा जास्त आली म्हणजे नैराश्यच आहे असं नाही, पण डॉक्टरांकडून पुढची तपासणी करून घ्यायलाच हवी. जीव घाबरतो का, काळजी आवरता येत नाही का, हेही सोबत विचारून घ्यावं. धडधडीमागे पुष्कळदा तेच असतं.

पहिल्यांदा हे प्रश्न विचारले गेले तेव्हा खाटेभोवती आम्ही सगळे होतो, शेजारचे काकाही होते. बाबा म्हणाले, "बरं आहे." बेरीज शून्य! आपल्याकडे कोणता बाप पोरांसमोर वेगळं सांगेल? पुढच्या खेपेला ताईंनी आम्हाला अंगणात पाठवलं आणि आमच्याच बोलीत विचारलं, "बाबा, जीवाले काईच गोड नाई लागत का?" बाबा बराच वेळ रडले. बेरीज ५ आली. जगणं नकोसं होतं का, हेही ताईंनी सरळ विचारलं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. बाबा हो म्हणाले. त्याच दिवशी फवारणीची औषधं आम्ही घराबाहेर हलवली. ही गोष्ट कोणीही उद्यावर टाकू नये.

डॉक्टरांनी तपासल्यावर गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला काही आठवडे लागतात, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून गोळ्या बंद करणारे खूप आहेत. आणि नैराश्य ओळखून उपचार करणं खेड्यात जमत नाही असं मानू नका. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' कार्यक्रमात गावपातळीवरचे कार्यकर्ते घरोघरी गेले, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

रुग्णाची वाचा गेली असेल तर प्रश्न उपयोगी पडत नाहीत. मग झोप, जेवण, रडू आणि व्यायामाला दिलेला नकार रोज लिहून डॉक्टरांना दाखवा. रात्री-अपरात्री धीर सुटला तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

ताईंनी नंतर आईलाही बाजूला घेऊन तेच दोन प्रश्न विचारले. तिची बेरीज ६ आली. सेवा करणाऱ्या बाईला हे कोणी विचारतच नाही, म्हणून रुग्णाचा फॉर्म भरला की तिचाही लगेच भरून घ्या, आणि तेव्हाही घरच्यांना बाहेर पाठवा.