पुरोहिताविना प्रार्थना : बेने इस्राएलांचे मुकादम, हजान आणि मराठी

काशीतील संकठा घाटाच्या दक्षिणेस शिंदे घाट आणि उत्तरेस गंगामहाल ओलांडला की भोसले घाट. अशा मराठी शेजारात पाहुणा प्राध्यापक म्हणून राहण्याचा योग आला असता, घाटावर छत्री रोवून बसणाऱ्या एका घाटियाने प्रस्तुत लेखकास विचारले की, सध्या कशावर लिहिणे चालू आहे. कोकणातील यहुदी लोकांविषयी, असे उत्तर दिल्यावर त्याचा पुढचा प्रश्न स्वाभाविक होता : त्यांचा पंडा कोण? त्यांना पंडा नाही, हे ऐकून तो क्षणभर थबकला. मग लग्ने कोण लावतो, मर्तिकाचे कोण पाहतो, वंशावळ कोण लिहून ठेवतो, असे त्याने एकामागून एक विचारले. या तीन प्रश्नांतच विषयाचे मर्म आले आहे, आणि तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे.

यहुदी धर्मव्यवस्थेत सामुदायिक प्रार्थनेसाठी रब्बी असलाच पाहिजे असे नाही. तेरा वर्षांवरील दहा पुरुष जमले की ‘मिन्यान’ पूर्ण होते, आणि त्यांतील जाणता कोणीही इतरांच्या वतीने प्रार्थना म्हणू शकतो. हिब्रूत त्याला समुदायाचा दूत अशा अर्थाची संज्ञा आहे. रब्बी हा मूलतः धर्मशास्त्राचा निर्णय देणारा पंडित. पूजा करणारा पुजारी नव्हे. तरीही युरोपात व पश्चिम आशियात प्रत्येक मोठ्या वस्तीने रब्बी पोसले, पाठशाळा चालविल्या. कोकणातील बेने इस्राएलांची गोष्ट अशी की, त्यांच्यात रब्बींची परंपरा कधी निर्माणच झाली नाही. त्यांचा सारा धर्मव्यवहार तेली, शेतकरी, सुतार, शिपाई, कारकून आणि शिक्षक यांनी स्वतःचा धंदा सांभाळून चालविला. या वस्तुस्थितीचा त्यांच्या मराठी वाङ्मयाशी जो संबंध आहे, त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे वाटते.

परंपरा सांगते की, अलिबागजवळ नवगाव येथे जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांचा वंश अष्टागर ते जंजिरा या पट्ट्यात पसरला. ते घाण्यावर तेल गाळीत व शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. गावांवरून आडनावे पडली : पेणकर, दिवेकर, किहीमकर, अष्टमकर, राजपूरकर, झिराडकर. हिब्रू ग्रंथ हरपले होते. ‘शेमा’ची घोषणा, सुंता, शब्बाथ आणि काही खाद्यनियम तेवढे उरले. पुढे डेव्हिड राहाबी नावाच्या एका प्रवाशाने त्यांना ओळखले, धर्माचे शिक्षण दिले आणि तीन घराण्यांतील तिघांना निवडून ‘काजी’ नेमले, अशी कथा आहे. हा राहाबी केव्हा झाला याविषयी तीव्र मतभेद आहेत. कोणी त्याला सहस्र वर्षे मागे नेतात, तर कोणी अठराव्या शतकातील कोचीनच्या राहाबी घराण्याशी त्याचा संबंध जोडतात. आपल्या दृष्टीने काळापेक्षा कथेचा आशय महत्त्वाचा. आलेल्या गुरूने पीठ स्थापिले नाही, तिघा गावकऱ्यांच्या हाती काम सोपवून तो गेला.

या ‘काजी’ शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात बेने इस्राएलांच्या जातसभेचे वर्णन आहे. सामाजिक तंटे निवडण्यासाठी मुकादम, काजी, चार चौगुले, गबाई म्हणजे खजिनदार, हजान म्हणजे प्रार्थना चालविणारा, शमाश म्हणजे सेवक आणि गावातील काही इस्राएल मंडळी एकत्र बसत, असे त्यात नोंदविले आहे. ही पदावली म्हणजे कोकणच्या इतिहासाचे थरच होत. मुकादम हा मूळचा अरबी शब्द. दख्खनच्या दफ्तरांत ‘मोकदम’ म्हणजे गावचा पाटील. चौगुला हा पाटलाचा मदतनीस, शुद्ध मराठी गावगाड्यातला. काजी मुसलमानी अंमलातून आला. गबाई, हजान आणि शमाश ही हिब्रू परंपरेची नावे. बारकाईने पाहिले तर असे दिसते की, पूजाविधीशी आणि देवळाच्या पैशाशी निगडित पदे हिब्रू राहिली, पण अधिकाराची पदे गावाने दिली. चारचौघांवर सत्ता कशी चालवावी याचा नमुना या समाजाने धर्मग्रंथातून घेतला नाही; शेजारच्या चावडीवर जे चालत होते तेच उचलले. प्रार्थनामंदिरालाही ते ‘मशीद’च म्हणत, यात त्यांना काही वावगे वाटले नाही.

मुंबईतील पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली उभे राहिले, तेही एका लष्करी अधिकाऱ्याच्या हातून. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, कंपनीच्या फौजेत होता. म्हैसूरच्या युद्धात तो टिपूच्या कैदेत पडला आणि सुटका झाल्यास मंदिर बांधीन असा त्याने नवस केला, असे सांगतात. नवस फेडून तो सेफेर तोरा आणण्यासाठी कोचीनला गेला, आणि तेथेच १७९७ मध्ये त्याचे निधन झाले. ‘शार हाराहामिम’, म्हणजे दयेचे द्वार, हे त्या मंदिराचे नाव. लोकांच्या तोंडी ती ‘जुनी मशीद’. पुढे मतभेद होऊन ‘नवी मशीद’ निघाली. विनावेतन नेतृत्वात मान हाच मोबदला असतो, आणि मानावरूनच भांडणे होतात. मुकादमी कोणाच्या घरात राहावी, तोरा उघडण्याचा मान कोणाला मिळावा, हे प्रश्न क्षुल्लक नव्हते. पलटणीत जमादार, सुभेदार झालेला मनुष्य निवृत्तीनंतर गावी आला की त्याच्या शब्दाला देवळात वजन येई. याचे गुण आणि दोष दोन्ही संभवतात, पण त्या दोषांची चर्चा फार लांबवण्याचे येथे कारण नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ज्या समाजात पंडितवर्ग असतो, तेथे सामान्य भक्ताने मंत्राचा अर्थ जाणलाच पाहिजे अशी निकड नसते. संकठा घाटावर संकल्प सांगणाऱ्या यजमानाला संस्कृत कळत नाही, आणि त्यामुळे विधीला बाधा येत नाही. बेने इस्राएलांत परिस्थिती उलटी होती. ज्याने प्रार्थना चालवायची तोच दिवसा कचेरीत बसणारा. त्याला हिब्रू अक्षरे जेमतेम वाचता येत, आणि ऐकणाऱ्यांना तेवढीही नाहीत. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले, मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या, जॉन विल्सनने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. साधले मात्र वेगळेच. बेने इस्राएलांनी बायबल मराठीतून वाचले आणि स्वतःचा धर्म अधिक घट्ट धरला. त्यातूनच प्रार्थनाग्रंथांच्या मराठी भाषांतरांची परंपरा सुरू झाली. ही भाषांतरे विद्वत्तेच्या हौसेने झालेली नाहीत. रब्बी नसलेल्या समाजाची ती गरज होती.

१८४६ साली मुंबईत मराठी अनुवादासह हग्गादा निघाली. वल्हांडणाच्या रात्री घरच्या कर्त्याने भोजनापूर्वी मिसरमधून सुटकेची कथा वाचायची असते, आणि त्या रात्री प्रत्येक घरमालक हाच आचार्य असतो. पुण्यात १८७४ मध्ये मोझेस जेकब तळकर व आरोन डॅनियल तळकर यांनी दुसरी, सचित्र आवृत्ती विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यातून काढली. अग्निहोत्रींच्या छापखान्यात वल्हांडणाची पोथी छापली जावी, हा योग आजच्या वाचकालाही थोडा विस्मित करील. तिच्यातील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया महाराष्ट्रीय वेषात आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी तर नित्य व नैमित्तिक प्रार्थनांची अनेक पुस्तके मराठीत आणली. ते मुंबईच्या डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि विद्यापीठाचे हिब्रू परीक्षक होते, रब्बी नव्हते. हाईम सॅम्युएल किहीमकर यांचेही तसेच. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी १८५३ मध्ये बंधूंसह हितकारी सभा काढली, १८७५ मध्ये इस्राएली शाळा सुरू केली आणि समाजाचा इतिहास लिहिला. तो १८९७ मध्ये पुरा झाला तरी तेल अवीव येथे १९३७ साली छापला गेला. ग्रंथकर्ता तोवर हयात नव्हता.

याच सुमारास, १८८० च्या आसपास, मुंबईत बेने इस्राएल कीर्तन उभे राहिले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर प्रभृतींनी हरिदासी कीर्तनाचा घाट घेऊन अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी-दिंडीत बांधली. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हा विषय ‘प्रभाव’ या सदरात टाकण्याचा मोह होतो, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. मराठी कीर्तनकार जातीने कोणीही असू शकतो. त्याचा अधिकार कथनातून आणि गळ्यातून सिद्ध होतो, दीक्षेतून नव्हे. बेने इस्राएलांना हवे होते ते नेमके असे प्रवचनपीठ, जेथे उभे राहण्यासाठी रब्बीपदाची सनद लागत नाही. त्यांनी कीर्तन घेतले ते शेजाऱ्याचे अनुकरण म्हणून असेलही, परंतु त्यांच्या संस्थेला ते चपखल बसले म्हणून टिकले. इस्राएलमध्ये गेलेल्या स्त्रियांनी पुढे ही मराठी गाणी तेथे जतन केली.

स्त्रियांचा प्रवेश या नेतृत्वात उशिरा झाला, पण तो ठळक आहे. डॉ. जेरुशा झिराड यांनी १९१३ मध्ये स्त्री मंडळ स्थापिले आणि १९२५ मध्ये मुंबईत उदारमतवादी पंथाची ज्यूइश रिलिजस युनियन उभी केली. त्या प्रसूतिशास्त्राच्या तज्ज्ञ, कामा इस्पितळाच्या प्रमुख. एका डॉक्टर स्त्रीने प्रार्थनासंघ स्थापावा हे त्या काळी इतरत्रही विरळाच होते. या संघाला १९५७ पासून काही वर्षे ह्यूगो ग्रिन यांच्या रूपाने रब्बी लाभले. ते १९६० मध्ये परत गेले.

आता घाटियाच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. अधिकारपत्र नसलेल्या नेतृत्वाला घरात मान असतो. दाराबाहेर त्याची परीक्षा होते. ती दोनदा झाली. रंगून येथील बगदादी यहुद्यांच्या मंदिरात बेने इस्राएलांना मतदानाचा आणि विश्वस्त म्हणून निवडून येण्याचा हक्क नाकारला गेला, तेव्हा ते न्यायालयात गेले आणि १९३५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. दुसरी परीक्षा कठोर होती. इस्राएलच्या स्थापनेनंतर स्थलांतर केलेल्या बेने इस्राएलांच्या विवाहांबाबत तेथील रब्बीमंडळाने शंका काढली. पिढ्यान् पिढ्या रब्बी नव्हते, तर घटस्फोट शास्त्रानुसार झाले असतील का, निपुत्रिक विधवेच्या दिराविषयीचे नियम पाळले गेले असतील का? १९६२ च्या आदेशाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना सांगितले की, वधूवरांच्या मातृवंशाची शक्य तितकी मागची चौकशी करावी. काशीचा पंडा अशा वेळी बही उघडून सात पिढ्यांची नावे वाचून दाखवितो. बेने इस्राएलांकडे अशी बही नव्हती. होती ती मुकादमाची आणि चार चौगुल्यांची स्मृती, आणि जेरुसलेममध्ये तिला पुराव्याचे मोल नव्हते. निदर्शने झाली, धरणे धरले गेले, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचे घोषित केले. या प्रसंगात त्यांच्या निष्ठेला दोष देण्यासारखे काही नव्हते. दोष होता तो इतकाच की, त्यांनी आपले जीवन एकमेकांच्या साक्षीवर चालविले होते.

१९५१ च्या जनगणनेत भारतात २६,७८१ यहुदी नोंदले गेले. २०११ मध्ये ही संख्या साडेचार हजारांच्या आसपास उतरली. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कक्षेत मुकादमाचा ‘विश्वस्त’ झाला, चौगुल्यांची कार्यकारिणी झाली, हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जाऊ लागले. राज्य शासनाने २०१६ मध्ये या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबागची इस्राएल आळी, रेवदंडा, पेण, पनवेल येथील मंदिरे उभी आहेत. पण दहा पुरुष जमविणे हेच आता नेतृत्वाचे पहिले काम झाले आहे. दिल्लीच्या ज्यूडा हायम सभागृहात, ज्याची स्थापना १९५६ ची, एझिकेल आयझॅक मळेकर या वकिलांनी अनेक दशके मानद चिटणीसपद सांभाळून विनावेतन प्रार्थना चालविली आणि स्त्रियांनाही मिन्यानमध्ये धरले. शास्त्री लोकांना हे रुचणार नाही. परंतु ज्या परंपरेने तिघा गावकऱ्यांना काजी केले, तिला हे परके नाही.

एस्थर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचल’ (२००६) या कादंबरीला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मुले परदेशी गेलेली एक वृद्धा कोकणातील दांडा गावी एकटी राहते, बंद पडलेले मंदिर झाडते, दिवा लावते आणि ते विकायला निघालेल्यांच्या आड उभी राहते. तिला पद नाही, तिची कोणी निवड केलेली नाही. ती मुकादमही नाही आणि शमाशही नाही, दोन्ही कामे मात्र करते. ही कादंबरी इंग्रजीत आहे. जी मराठी राजपूरकरांनी आणि तळकरांनी या समाजाच्या प्रार्थनेसाठी घडविली, तिच्यातील पुस्तके आज बहुतांशी जुन्या कपाटांत आहेत. मराठीच्या अभ्यासकांनी ती ‘इतर धर्मीयांचे वाङ्मय’ या परिच्छेदात आटोपली. त्या प्रार्थनापुस्तकांची, कीर्तनांच्या बाडांची आणि मंदिरांच्या सभावृत्तांतांची, जेथे ती उरली असतील तेथे, सूची करण्यास अद्याप उशीर झालेला नाही. मंदिरांच्या किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत ते बहुतेक सत्तरीच्या पुढचे आहेत.