चार गुणांचे अंतर

डिसेंबर महिन्यातील संध्याकाळ. सातपुड्यावरून थंड वारा वाहू लागलेला असतो. नंदुरबार जिल्ह्यातील कितीतरी शाळांच्या मैदानांवर अशा वेळी फक्कीच्या पांढऱ्या रेघा आखलेल्या दिसतात आणि 'कबड्डी, कबड्डी' असा घोष कानी पडतो. याच खेळात एका संघाने पराभवाच्या गर्तेतून कशी मान वर काढली, त्याची ही हकिकत आहे.

भारतात २०१४ सालापासून प्रो कबड्डी लीग ही व्यावसायिक स्पर्धा खेळली जाते. तीत हैदराबादचा तेलुगू टायटन्स हा एक संघ आहे. या संघाचे दैव एकदा असे फिरले, की लागोपाठ तीन हंगामांत तो बारा संघांमध्ये अगदी शेवटचा ठरला. त्या तीन हंगामांतील ६६ सामन्यांत त्याला अवघे ५ विजय मिळाले. ज्याचा शेवटचा क्रमांक जणू ठरूनच गेला, त्या संघाला उमेद धरणे किती कठीण जात असेल, याची कल्पना करा.

परंतु संघाने धीर सोडला नाही. २०२४ च्या हंगामासाठी त्याची नव्याने बांधणी झाली. कृष्णकुमार हुडा हे प्रशिक्षक झाले. नामवंत चढाईपटू पवन सेहरावत संघनायक होता. पुढे दुखापतीमुळे त्याला काही सामने बाहेर बसावे लागले, तेव्हा विजय मलिक याने पुढे होऊन चढाईचा भार वाहिला. एक खांदा दुखावला म्हणून ओझे खाली पडले नाही; दुसऱ्या खांद्याने ते उचलले. त्या हंगामात संघाने २२ पैकी १२ सामने जिंकले!

आता स्पर्धेचा नियम समजून घेऊ. सामना जिंकला तर ५ गुण, बरोबरीत सुटला तर ३ गुण मिळत. पराभव झाला, तरी तो ७ किंवा त्याहून कमी गुणांनी झाला असल्यास १ गुण पदरी पडे. साखळी सामन्यांनंतर पहिल्या सहा संघांनाच पुढील फेरीत प्रवेश असे.

साखळी सामन्यांचा अखेरचा दिवस होता २४ डिसेंबर २०२४ आणि स्थळ होते पुण्यातील बालेवाडी. टायटन्सचे सर्व सामने संपले होते व त्यांचे ६६ गुण झाले होते. मुंबईच्या यू मुंबा संघाचेही तेव्हा ६६ च गुण होते. मात्र त्यांचा एक सामना शिल्लक होता. आपले दैव आता दुसऱ्याच्या हाती आहे, हे टायटन्सचे खेळाडू जाणून होते. यू मुंबाने बंगालच्या संघावर विजय मिळवला आणि त्यांचे ७१ गुण झाले. सहाव्या क्रमांकावर जयपूरचा संघ ७० गुणांनी राहिला. टायटन्स सातवे आले. केवळ चार गुणांनी दार बंद झाले!

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. यू मुंबा, जयपूर आणि टायटन्स या तिघांचेही विजय प्रत्येकी १२ च होते. मग अंतर पडले कोठे? पहिल्या दोन्ही संघांचे दोन-दोन सामने बरोबरीत सुटले होते. टायटन्सचा एकही नाही. टायटन्सचे ६ पराभव थोड्या गुणांनी झाले होते. त्यांपैकी ३ सामने जरी बरोबरीत सुटले असते, तरी ६ गुणांची भर पडून त्यांचे ७२ गुण झाले असते. म्हणजे त्यांचे स्थान अखेरच्या दिवशी गेले नाही. ते कितीतरी आधी, एखाद्या निसटलेल्या पकडीत, एखाद्या हुकलेल्या चढाईत थोडे थोडे गेले होते.

मग त्यांचे श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. बाराव्या स्थानावरून सातव्या स्थानी येणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. वर्षभरापूर्वी ज्यांना सारे गृहीत धरत, त्यांच्यामुळे शेवटच्या दिवसापर्यंत इतरांना चिंता वाटत राहिली. थेंबे थेंबे तळे साचते, हे खरे. पण थेंब थेंब गळून ते रितेही होते. हरत असलेल्या सामन्यातही अखेरच्या क्षणापर्यंत एकेका गुणासाठी झुंजावे, ही शिकवण मैदानाबाहेरही आपल्या उपयोगी पडेल.

स्वाध्याय

१. टायटन्सचे 'दैव दुसऱ्याच्या हाती' होते, असे का म्हटले आहे?
२. १२ विजय व १० पराभव यांवरून टायटन्सचे ६६ गुण कसे झाले, ते मांडून दाखवा.
३. वाक्यांत उपयोग करा : धीर सोडणे, पदरी पडणे, मान वर काढणे.