कार्यपुस्तिका आणि क्षयरोग : बंगळूरचा धडा

एखादे ज्ञान काही थोड्या विद्वानांपाशी असणे आणि ते हजारो हातांकडून प्रत्यक्ष कृतीत उतरणे, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. रोगाचा जंतू सापडला, त्यावर गुणकारी औषधही मिळाले, म्हणून तो रोग आपोआप नाहीसा होत नाही. औषध आणि रोगी यांच्यामध्ये परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, औषध वाटणारा कर्मचारी, नोंदी ठेवणारा कारकून अशा माणसांची एक लांब साखळी असते. तिच्यातील एखादा दुवा निसटला, की रोग्याच्या दृष्टीने संशोधकांचे सारे श्रम व्यर्थ ठरतात. या साखळीतील प्रत्येकाने काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि केलेल्या कामाची नोंद कशी ठेवावी, हे ठरवून देणाऱ्या लेखी मार्गदर्शनास कार्यपद्धती असे म्हणतात. तिचे सामर्थ्य कशात आहे आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेण्यास बंगळूर येथे झालेल्या एका कार्याचे उदाहरण फार उपयोगी पडते.

रोग खेड्यात, रुग्णालय शहरात

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधून काढला. परंतु त्यानंतरची सुमारे साठ वर्षे क्षयरोग्यापुढे विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा याहून फारसा उपाय नव्हता. त्यासाठी गावाबाहेर आरोग्यधामे बांधली जात. मिरजेजवळचे वानलेसवाडीचे आरोग्यधाम महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या चांगले परिचयाचे होते. पुढे स्ट्रेप्टोमायसिन, पास आणि १९५२ साली आयसोनियाझिड ही औषधे उपलब्ध झाली आणि क्षय हा बरा होणारा रोग ठरला.

यानंतर दोन महत्त्वाच्या गोष्टी उघडकीस आल्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५५ ते १९५८ या काळात देशाच्या निरनिराळ्या भागांत पाहणी केली. क्षय हा मुख्यतः शहरातील गर्दीचा रोग आहे, अशी तोवर समजूत होती. पाहणीत तो खेड्यांतही जवळजवळ तितकाच पसरलेला आढळला. एवढ्या रोग्यांना पुरतील इतक्या खाटा उभारणे कोणत्याही सरकारला शक्य नव्हते. त्याच सुमारास मद्रास येथे १९३ रोग्यांवर एक प्रयोग करण्यात आला. त्यांपैकी काहींना आरोग्यधामात ठेवून आणि काहींना त्यांच्या गरिबीच्या घरातच ठेवून वर्षभर तीच औषधे देण्यात आली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी औषध घेणारे रोगी आरोग्यधामातील रोग्यांच्या जवळजवळ बरोबरीने बरे झाले होते आणि त्यांच्या कुटुंबीयांना अधिक धोका पोहोचल्याचे दिसले नाही.

म्हणजे उपचार घरी होऊ शकत होता. मात्र तो लाखो घरांपर्यंत न्यावयाचा कसा, हा प्रश्न शिल्लक होता. तो वैद्यकशास्त्राइतकाच व्यवस्थेचाही प्रश्न होता.

तुमकूरच्या खेड्यांतील उत्तर

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी भारत सरकारने १९५९ साली बंगळूर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन केली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे तिला साहाय्य होते. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते १६ सप्टेंबर १९६० रोजी तिचे उद्घाटन झाले. या संस्थेचा विशेष असा, की तेथे डॉक्टरांच्या बरोबरीने समाजशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ कामाला बसले.

खेड्यातील माणूस अडाणी असतो, तो खोकला अंगावर काढतो आणि म्हणून घरोघर जाऊन रोगी हुडकून काढावे लागतात, असा त्या वेळी सुशिक्षितांचा सर्वसाधारण समज होता. डॉ. देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत जाऊन तो तपासून पाहिला. क्षय झालेल्या बहुतेक सर्व व्यक्तींना आपल्या लक्षणांची जाणीव होती. निम्म्याहून अधिक व्यक्ती तर कोणत्या ना कोणत्या दवाखान्यात जाऊनही आल्या होत्या. तेथे त्यांना बहुधा खोकल्याच्या औषधाची एक बाटली मिळाली आणि त्या परत घरी आल्या.

या निष्कर्षाचा अर्थ गंभीर होता. रोगी दाराशी आला होता. परंतु दारातील माणसाला त्याचे काय करावे हे ठाऊक नव्हते. त्या दवाखान्यातील कर्मचारी निर्दय होता असे मानण्याचे कारण नाही. दिवसाकाठी त्याच्यापुढे कितीतरी खोकणारी माणसे उभी राहत आणि त्यांतील फारच थोड्यांना क्षय असे. या थोड्यांना निवडावे कसे, याचा नियम त्याला कोणी सांगितला नव्हता. आणि नियम नसला म्हणजे मनुष्य सवयीने वागतो. बाटली देणे ही सवय होती.

पुस्तिकेतील पायऱ्या

या अभ्यासांच्या आधारावर १९६२ साली जिल्हा क्षयरोग कार्यक्रमाची आखणी झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी एक केंद्र आणि त्याच्याशी जोडलेले तालुक्यांतील व खेड्यांतील सर्वसाधारण दवाखाने, अशी ही रचना होती. जिल्हा क्षयरोग अधिकारी, उपचार-संघटक, प्रयोगशाळा-तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, बीसीजी पथकाचा प्रमुख आणि सांख्यिकी साहाय्यक, असा संपूर्ण संघ बंगळूरला शिक्षणासाठी येई आणि कामाच्या पुस्तिका घेऊन आपल्या जिल्ह्यास परत जाई.

अशा पुस्तिकेतील मार्गदर्शन कसे असते, हे बेडक्याच्या तपासणीवरून पाहू. काही सूचना वरवर क्षुल्लक वाटतात. परंतु प्रत्येकीमागे कारण आहे.

पहिली सूचना अशी, की रोग्याचा क्रमांक डबीच्या अंगावर लिहावा, झाकणावर लिहू नये. झाकणे काढून ठेवली की त्यांची अदलाबदल होऊ शकते आणि मग एकाचा रोग दुसऱ्याच्या नावावर चढतो.

दुसरी सूचना अशी, की रोग्याने तोंडातील लाळ न देता खोल श्वास घेऊन, छातीतून खाकरून काढलेला बेडका द्यावा. जंतू फुफ्फुसात असतात. लाळ तपासून ते दिसण्याची आशा थोडी.

तिसरी सूचना रंग देण्याविषयी आहे. बेडका काचपट्टीवर पातळ पसरून, वाळवून, ज्योतीवरून फिरवून घट्ट केल्यावर तीवर कार्बोल फुक्सिन हा तांबडा रंग ओततात आणि वाफ निघेपर्यंत तापवितात. मात्र उकळू देत नाहीत. क्षयजंतूच्या भोवती मेणासारखे आवरण असते; उष्णतेवाचून रंग त्यातून आत शिरत नाही. रंग उकळला, तर त्याचे कण काचपट्टीवर साचतात आणि पाहणाऱ्याची फसगत होते. नंतर सौम्य केलेल्या गंधकाम्लाने काचपट्टी धुतली, की इतर सर्व पदार्थांचा रंग निघून जातो; क्षयजंतूने शोषलेला रंग मात्र तसाच राहतो. शेवटी निळा रंग दिल्यावर निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या काड्या दिसू लागतात.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. जंतू दिसला नाही, तरी किमान शंभर दृष्टिक्षेत्रे पाहिल्याखेरीज ‘जंतू नाहीत’ असे लिहू नये. एक मिलीलीटर बेडक्यात साधारणपणे पाच ते दहा हजार जंतू असतील, तेव्हाच ते सूक्ष्मदर्शकाखाली सापडण्याचा संभव असतो; म्हणून थकलेल्या डोळ्यांनी वीस क्षेत्रे पाहून दिलेला नकार विश्वासार्ह नसतो. शंभर क्षेत्रांत मिळून एक ते नऊच जंतू दिसले, तर नेमकी संख्या लिहावयाची. दहा ते नव्याण्णव दिसले तर एक अधिक, प्रत्येक क्षेत्रात एक ते दहा दिसले तर दोन अधिक, त्याहून जास्त दिसले तर तीन अधिक. अशी खूण केल्यामुळे धारवाडच्या तंत्रज्ञाने लिहिलेले सोलापूरच्या डॉक्टरास कळते आणि उपचाराने रोग हटतो आहे की नाही हेही समजते.

यावरून चांगल्या कार्यपद्धतीची तीन लक्षणे सांगता येतील. ती कामाचा क्रम ठरविते; ‘पुष्कळ’, ‘थोडे’, ‘बरेच दिवस’ अशा सैल शब्दांच्या जागी मोजता येणारी सीमा घालून देते; आणि मागाहून दुसऱ्याला तपासता येईल अशी नोंद मागते.

विमान आणि शस्त्रक्रियागृह

अशा मार्गदर्शनाची गरज केवळ अल्पशिक्षित कर्मचाऱ्यासच असते, असे मानणे चूक ठरेल. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील राइट फील्ड येथे बोइंग कंपनीचे एक नवे चार इंजिनांचे विमान उड्डाण होताच कोसळले आणि दोन निष्णात वैमानिक प्राणास मुकले. यंत्रात दोष नव्हता. विमान जमिनीवर उभे असताना त्याचे सुकाणू वाऱ्याने हलू नये म्हणून घातलेली अडसर-कळ उड्डाणापूर्वी काढावयाची राहिली होती. तज्ज्ञ मनुष्यही एका वेळी अनेक गोष्टी ध्यानात ठेवताना एखादी विसरतो, हे ओळखून उड्डाणापूर्वी वाचून पडताळण्याची यादी तयार करण्यात आली. त्याच नमुन्यावरून पुढे बारा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली. बंगळूरलाही या रीतीचा परिचय आहे; कारण सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० साली तेथेच विमानांचा कारखाना सुरू केला आणि आज अशा याद्या वाचल्याशिवाय तेथून कोणतेही विमान आकाशात जात नाही.

शस्त्रवैद्यांनी हा धडा बराच उशिरा घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एकोणीस मुद्द्यांची पडताळणी-यादी प्रसिद्ध केली. रोगी तोच आहे ना, शस्त्रक्रिया योग्य बाजूला होत आहे ना, कापडाचे तुकडे व हत्यारे मोजून पुरी भरली ना, असे तिच्यातील प्रश्न अगदी साधे आहेत. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली असता मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले.

पुस्तिका पुरेशी असते काय?

येथपर्यंत वाचून ‘यादी करावी म्हणजे झाले’ असे कोणास वाटेल, तर तो अनुमानाचा दोष होईल. बंगळूरने आखलेला कार्यक्रम उत्तम होता. परंतु १९९२ साली त्याचे परीक्षण झाले तेव्हा उपचार पूर्ण करणारे रोगी निम्म्याहूनही कमी आढळले. पैसा अपुरा होता, औषधांचा पुरवठा खंडित होत असे आणि बेडका तपासण्याऐवजी क्ष-किरण चित्रावर भिस्त ठेवली जाई. औषधच संपले असेल, तर ‘औषध नियमित द्यावे’ हे वाक्य कितीही शुद्ध छापले तरी निष्फळ होय. म्हणून १९९३ पासून प्रयोगादाखल आणि १९९७ पासून देशभर टप्प्याटप्प्याने सुधारित कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रत्येक रोग्याच्या नावाने संपूर्ण उपचाराच्या औषधांची एक पेटी आधीच राखून ठेवण्याची पद्धत आली. पूर्वीच्या पुस्तिकेत केवळ सूचना होती. आता सूचनेबरोबर साधनही आले.

प्रसूतीच्या पडताळणी-यादीचा अनुभवही असाच बोधप्रद आहे. कर्नाटकातील एका प्रसूतिकेंद्रात ती प्रथम वापरली, तेव्हा एकोणतीस आवश्यक कृतींपैकी सरासरी दहा होत होत्या, त्या पंचविसांवर गेल्या. २०१२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे उत्तर प्रदेशात १२० आरोग्यकेंद्रांतून दीड लाखाहून अधिक प्रसूतींचा अभ्यास करण्यात आला. तेथेही यादीमुळे कामाची रीत सुधारली. परंतु माता व अर्भके यांच्या मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही, असे २०१७ साली जाहीर झाले. रीत सुधारणे आणि जीव वाचणे यांच्यामध्ये कौशल्य, रक्त, औषधे, वेळेवर मिळणारे वाहन अशा पुष्कळ गोष्टी असतात. त्या यादीने निर्माण होत नाहीत.

दुसरी मर्यादा काळाची आहे. क्षयाच्या पुस्तिकेत तीन आठवड्यांच्या खोकल्याची सीमा होती. ती २००९ साली दोन आठवड्यांवर आणली गेली आणि तीन बेडक्यांऐवजी दोन तपासणे पुरेसे मानले गेले. आठवड्यातून तीनदा औषध देण्याची पद्धत २०१७ साली सोडून देऊन ते रोज देण्यात येऊ लागले. जंतूचा जनुकीय अंश ओळखणारी ट्रूनॅट ही तपासणी बंगळूरच्या प्रयोगशाळेत विकसित होऊन गोव्यातील कारखान्यात तयार होऊ लागली आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली. पुराव्यानुसार जी बदलत नाही, ती कार्यपद्धती नव्हे. ती रूढी होय.

नियम आणि विवेक

नियमांनी मनुष्य यंत्र बनतो, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. त्यात तथ्यांश आहे. दोन आठवडे झाले नाहीत म्हणून रक्ताची थुंकी पडणाऱ्या माणसास परत पाठविणारा कर्मचारी नियमाचे अक्षर पाळतो आणि हेतू मोडतो. यास्तव उत्तम पुस्तिकेत कृतीबरोबर तिचे कारणही सांगितलेले असते. रंग का उकळू द्यावयाचा नाही हे ज्यास कळले, त्याला अडचणीच्या प्रसंगी काय करावे हेही सुचते.

परंतु विवेकालाही काही आधार लागतो. नेहमीच्या गोष्टींचा भार पुस्तिकेने उचलला, म्हणजे डॉक्टरचे मन असाधारण गोष्टींसाठी मोकळे राहते. आणि रोग्याच्या बाजूने पाहिले, तर कार्यपद्धती हे एक प्रकारचे अभिवचन आहे : कोणत्याही गावच्या दवाखान्यात, कोणताही कर्मचारी कामावर असो, तुझा खोकला नीट तपासला जाईल. तुमकूरच्या खेड्यांतून पायपीट करून आलेल्या माणसांना हेच हवे होते आणि त्यांना बाटली मिळाली होती.

विचारार्थ प्रश्न

१. क्रमांक डबीच्या झाकणावर का लिहू नये? शाळेच्या प्रयोगशाळेतील अशीच एखादी काळजी कारणासह लिहा.

२. तुमकूर जिल्ह्यातील अभ्यासाने कोणती समजूत खोटी ठरविली? त्यामुळे कार्यक्रमाच्या आखणीत कोणता फरक पडला असावा?

३. उत्तर प्रदेशातील अनुभवावरून ‘पडताळणी-यादी निरुपयोगी आहे’ असा निष्कर्ष काढणे योग्य होईल काय? सकारण उत्तर द्या.

४. आपल्या ग्रंथालयात पुस्तक देण्या-घेण्याची पद्धत पाहा. तीत क्रम, सीमा आणि नोंद ही तीन लक्षणे कोठे दिसतात?