मूठ फिरवण्याआधी मागचं चाक पाहा

दुकानात मूठ फिरवून पाहिली की पायऱ्या नसलेल्या गिअरची ही सायकल सोडवत नाही. कटकट नाही, चेन उडत नाही. मूठ वळवत जावी तसं पायडल हलकं होत जातं, मध्ये पायरी म्हणून लागत नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तमध्ये माझी रोजची सायकल याच जातीची आहे आणि ती मी विकणार नाही. तरी कुणी सल्ला विचारला, की मी आधी मागच्या चाकाबद्दल बोलतो.

हा गिअर मागच्या चाकाच्या हबमध्ये असतो. तिथे दोन कड्यांच्या मधोमध पोलादी गोळे बसवलेले असतात. गोळ्यांचे आस कलले की वेगाचं गुणोत्तर बदलतं. गोळा आणि कडं यांच्यात खास तेलाचा पातळ थर असतो. दाबाखाली तो इतका घट्ट होतो की जोर त्यातूनच पुढे जातो. म्हणून हब उघडून घरचं तेल-ग्रीस घालायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी. याच जातीच्या 'नूविंची एन 360' हबचा पल्ला 0.5 ते 1.8, म्हणजे 3.6 पट, तर रोलॉफच्या 14 गिअरच्या हबचा 5.26 पट. शिवाय एन 360चं वजन अडीच किलोच्या आसपास, आणि तेलाच्या थरातून जाताना थोडा जोर वाटेतच मुरतो. सपाट रस्त्यावर हे कळत नाही. उलटा वारा सुटला की मांड्यांना कळतं. लिम्बुर्गमधल्या काउबेर्खच्या चढावर तर मूठ शेवटपर्यंत वळवूनही मला उतरून ढकलावं लागलं.

चढासाठी पुढची चकती लहान करावी असं वाटेल. पण पुढच्या-मागच्या चकत्यांचं किमान प्रमाण उत्पादक ठरवून देतात. त्याखाली गेलं तर हबला न झेपणारा पीळ बसतो. नेहमी चढावर जायचं असेल तर मोटर असलेली घ्या, नाहीतर साधे गिअर बरे.

खरी परीक्षा पंक्चरची. भर पावसात, कालव्याकाठी माझं मागचं चाक बसलं. चाक काढायचं तर आधी दोन केबल सोडवा, मग 15च्या पान्याने नट, त्यातल्या खाचेच्या वॉशरांची जागा लक्षात ठेवा, चेनऐवजी असलेला बेल्ट सांभाळा. इथे आपल्या पुण्यातला पंक्चरवाला आठवावा: तो चाक काढतच नाही. टायरची एक बाजू उचलायची, ट्यूब बाहेर ओढायची, भोक शोधून पॅच लावायचा. डच लोकही हेच करतात. ट्यूबच फाटली असेल तर दोन्ही टोकं बंद असलेली सरळ, लांबट ट्यूब मिळते. ती चाक न काढता बसते. एक पिशवीत ठेवाच.

चढ सुरू होण्याआधीच मूठ वळवा. जोर देत असताना ती जड जाते. थांबलेल्या सायकलवरही बदल होतो, तेव्हा सिग्नलला थांबल्यावर हात रिकामा ठेवू नका. सेकंडहँड घेत असाल तर मूठ दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहा, उभं राहून जोरात पायडल मारा, पाय रिकामा निसटतो का बघा. आणि पैसे देण्याआधी दुकानदाराकडून एकदा मागचं चाक काढून, पुन्हा बसवून घ्या. तेही तुमच्यासमोर.