तेल निवडताना एवढं बघ

अगं, ती आर्गनची महागडी बाटली आधी खाली ठेव. आर्गनचं झाड मोरोक्कोत वाढतं, तिथल्या बायकांना ते हाताशी मिळतं. तुला घाण्यावरची करडई मिळते, आणि तुझ्या तेलकट चेहऱ्याला तीच बरी. हलकी असते, चिकचिकत नाही, शिवाय तिच्यात लिनोलिक आम्ल भरपूर. खोट एकच, खवट लवकर होते. म्हणून अगदी थोडी आण, गडद काचेच्या बाटलीत भर आणि फ्रिजमध्ये ठेव. खवट वास आला की सरळ फेकून दे, जीव अडकवू नकोस.

खोबरेल चेहऱ्याला नको. आई रागावेल, मला ठाऊक आहे! पण पुरळ उठणाऱ्या कातडीवर ते बसतं आणि रंध्रं बुजवतं. केसांना, कोरड्या हातापायांना खुशाल लाव. ऑलिव्हही चेहऱ्याला नको. 2013 मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात ऑलिव्ह तेलाने त्वचेचं संरक्षक आवरण कमजोर झालं, सूर्यफुलाने झालं नाही. किंमत बघून तेलाची लायकी ठरवू नये, ते याचसाठी. मोहरी मात्र मुळीच नको, चुरचुरते.

टाचांच्या भेगांना कोकमतेल घे. कोकणातून येणारं कुणी असेल तर त्या पांढरट गोळ्या मागवून घे. थंडीतच काय, एरवीही ते घट्ट असतं, अंगाच्या उबेनं मऊ पडतं. एक चमचा मधमाशांचं मेण, दोन चमचे कोकमतेल, चार चमचे तिळाचं तेल. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून वितळव, थेट गॅसवर नको. डबीत ओत, झालं मलम.

आणि यात गुलाबपाणी, कोरफडीचा गर असलं काही घालायची हौस करू नकोस. पाणी शिरलं की जंतू वाढतात, बुरशी धरते. व्हिटॅमिन ई घातलं तरी त्याने तेल खवट व्हायचं लांबतं, जंतू मरत नाहीत. कोरफड लावायचीच तर ताजी कापून लाव, उरलेली टाकून दे.

नवं तेल आणलंस की आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस वाट बघ. खाजलं, लाल झालं, तर ते तेल तुझं नव्हे. आणि हनुवटीवरचे ते दुखरे फोड आहेत ना, त्यांना कुठलंच तेल नको. त्वचेच्या डॉक्टरांना दाखव.