गाडीच्या पुनरुज्जीवनातला थकवा

जुन्या वाहनाचे पुनरुज्जीवन, म्हणजे गाडी पूर्ण खोलून तिचा पत्रा, इंजिन, वायरिंग आणि सीटकाम पुन्हा मूळ रूपात आणणे, हे काम हौसेने सुरू होते आणि बहुतेक वेळा ठरवलेल्या मुदतीच्या कितीतरी पुढे जाते. काम निम्म्यावर आले की अनेकांना एका विशिष्ट थकव्याला तोंड द्यावे लागते: सुटीच्या दिवशी गॅरेजचे शटर वर करण्याची इच्छा होत नाही, गाडीवर टाकलेली ताडपत्री दिसली तरी अपराधी वाटते आणि घरात कुणी गाडीचा विषय काढला की चिडचिड होते. या अवस्थेला आजूबाजूचे लोक आळस म्हणतात आणि हळूहळू त्या व्यक्तीलाही तेच खरे वाटू लागते. वैद्यकीय दृष्टीने हा निष्कर्ष घाईचा आहे, कारण या थकव्यात मनाचा वाटा असतो तसाच शरीराचा आणि गॅरेजमधल्या हवेचाही असू शकतो, आणि त्यांतला प्रत्येक वाटा वेगळा ओळखून दूर करता येतो.

दीर्घकाळच्या ताणाने येणाऱ्या अशा खचलेपणासाठी ‘बर्नआउट’ ही संज्ञा अमेरिकन मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी 1974 मध्ये वापरली, आणि पुढे क्रिस्टिना मास्लाक व सुसान जॅक्सन यांनी 1981 मध्ये तिच्या मोजमापाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी येणारा तुटकपणा आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे, ही त्याची तीन अंगे मानली जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर नोकरी-व्यवसायाशी निगडित स्थिती म्हणून आहे. त्यामुळे हौसेच्या कामाला ही संज्ञा काटेकोरपणे लागू होत नाही. तरीही गाडीचे काम करणाऱ्यांत ही तिन्ही अंगे दिसतात, कारण दिवसभराच्या नोकरीनंतर रात्री सुरू होणारे हे काम व्यवहारात दुसरी नोकरीच ठरते.

प्रीमियर पद्मिनीचे उदाहरण घेतल्यास हा थकवा नेमका मध्यावरच का येतो हे स्पष्ट होते. कुर्ल्याच्या कारखान्यात ‘फियाट 1100 डिलाइट’ म्हणून तयार होणाऱ्या या गाडीला 1974 मध्ये पद्मिनी हे नाव मिळाले आणि 2000 च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले; म्हणजे आज हाती येणारी सर्वांत तरुण पद्मिनीही सुमारे पाव शतक ऊनपाऊस खाऊन आलेली असते. गाडी खोलण्याचे काम झपाट्याने होते आणि दर तासाला काहीतरी झाल्याचे दिसते. त्यानंतर मात्र सीट काढल्यावर फ्लोअरचा सडलेला पत्रा दिसतो, तो कापल्यावर खालचा सांगाडा गंजलेला सापडतो आणि केलेल्या प्रत्येक कामातून दोन नवी कामे निघतात. वेल्डिंग, पुट्टी, पॉलिश पेपर, पुन्हा पुट्टी या फेऱ्यांत महिनाभर राबूनही दारातून पाहणाऱ्याला गाडी होती तशीच दिसते. ध्येय जवळ आले की प्रयत्नांचा वेग वाढतो, हे मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी 1932 मध्ये मांडले होते. पुनरुज्जीवनाच्या मध्यावर सुरुवातीचा उत्साह मागे पडलेला असतो आणि शेवट नजरेच्या टप्प्यात आलेला नसतो. त्यात कोकणपट्टीतला पावसाळा आला की मे महिन्यात घासून लखलखीत केलेल्या पत्र्यावर एका रात्रीत तांबूस पापुद्रा धरतो. केलेले काम असे डोळ्यांदेखत वाया जाणे मनाला विशेष खचवते. म्हणून उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली झाकावा, आणि जून ते सप्टेंबर हे महिने कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर व सीटकाम अशा टेबलावर होणाऱ्या कामांसाठी राखून ठेवावेत.

मनाचा विचार करण्याआधी शरीराची तपासणी व्हावी, हा या लेखाचा मुख्य आग्रह आहे, कारण गॅरेजमधली अनेक द्रव्ये थकवा, चिडचिड आणि विसराळूपणा हीच लक्षणे निर्माण करतात. रंगकामाच्या थिनरमध्ये टोल्युइन आणि झायलिन ही सहज उडणारी द्रावके असतात. त्यांची वाफ बंद जागेत तासन्‌तास श्वासावाटे गेल्यास डोके दुखते, मळमळते आणि लक्ष लागत नाही, व हा संपर्क वर्षानुवर्षे राहिल्यास स्मृती व मनःस्थिती यांवरही परिणाम होतो. जुन्या रंगात शिशाची संयुगे असण्याची शक्यता बरीच असते. कोरडा पॉलिश पेपर मारताना त्यांची धूळ उडते, ती श्वासातून आणि न धुतलेल्या हातांतून शरीरात जाते, आणि शिसे हाडांत साठत असल्याने त्याचा निचरा अतिशय सावकाश होतो. प्रौढांत त्यामुळे थकवा, पोटदुखी, बद्धकोष्ठता, सांधेदुखी आणि रक्तदाबवाढ संभवते. कपड्यांवरून घरात येणारी तीच धूळ लहान मुलांना आणि गर्भवती स्त्रियांना त्याहून घातक ठरते, त्यामुळे गॅरेजचे कपडे बाहेरच बदलून वेगळे धुणे अत्यावश्यक आहे.

शटर खाली ओढून इंजिन चालू ठेवण्याची सवय तर जिवावर बेतू शकते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा 200 हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि त्याच्या सौम्य विषबाधेची डोकेदुखी व गळाठा ‘दमणूक झाली’ म्हणून सोडून दिली जातात. तोंडाला बांधलेला रुमाल यांपैकी कशालाही पुरत नाही. एन-95 मास्क धूळ अडवतो, पण वाफ अडवत नाही, वाफेसाठी कार्बनचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि कार्बन मोनॉक्साइड तर तोही अडवत नाही, त्यामुळे इंजिन केवळ मोकळ्यावरच चालू करावे. हार्डनर मिसळून वापरायच्या पीयू रंगातील आयसोसायनेट एकदा बाधले की पुढे अत्यल्प मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो, म्हणून असा रंग घरी फवारू नये. ते काम पेंट बूथ असलेल्या कारागिराकडेच सोपवावे. जुन्या ब्रेक लायनरवरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

हे सारे तपासून झाल्यावर मनाकडे वळता येते. उत्साह आला की काम सुरू करू, अशी वाट पाहणे स्वाभाविक असले तरी अनुभवाचा क्रम बहुधा उलटा असतो. नैराश्याच्या उपचारात ‘वर्तन-सक्रियता’ नावाची पद्धत वापरतात. तिच्यात इच्छा होण्याची वाट न पाहता लहान, ठरावीक कृती वेळापत्रकानुसार केली जाते आणि कृतीमागून मनःस्थिती सुधारू लागते. गाडीच्या कामात याचा अर्थ असा, की ‘बॉडी पूर्ण करणे’ हे उद्दिष्ट काही काळ बाजूला ठेवून दाराचे एकच हँडल किंवा वायपरची एकच मोटर हाती घ्यावी आणि ती साफ करून, ग्रीस भरून, चालू करूनच उठावे. नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत भरून प्रत्येक डब्यावर जागेचे नाव आणि तारीख लिहिलेली असेल, तर पुढच्या खेपेला पहिला अर्धा तास शोधाशोधीत जात नाही. काम थांबवताना पुढची पायरी चिठ्ठीवर लिहून पान्याखाली ठेवावी. रात्री कामाला शेवटची वेळ असावी, कारण झोप तोडून केलेले काम दुसऱ्या दिवशी बिघडते आणि खर्चही वाढवते.

विश्रांतीही तारीख ठरवून घ्यावी. तीन आठवडे गॅरेज बंद, असे घरात जाहीर केले की ती पळवाट राहत नाही. गाडी सोडून देणे हाही मानाचा निर्णय असू शकतो. घातलेला पैसा वाया जाईल या भीतीने नकोसे काम ओढत राहण्याच्या प्रवृत्तीला ‘बुडीत खर्चाचा भ्रम’ म्हणतात. तो ओळखण्यासाठी स्वतःला विचारावे, की हीच गाडी आज याच अवस्थेत कुणी फुकट दिली असती, तर ती पूर्ण करायला घेतली असती का?

थकवा केवळ गाडीपुरता नसून जेवण, माणसे, नोकरी अशा सर्वच गोष्टींतले मन दोन आठवड्यांहून अधिक काळ उडाले असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते. जीव नकोसा वाटत असल्यास टेली-मानस या शासकीय सेवेच्या 14416 या विनाशुल्क क्रमांकावर दिवसरात्र मराठीतूनही बोलता येते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 आणि साखर या तपासण्या करून घ्याव्यात. झोपेत मोठ्याने घोरत असल्यास तेही सांगावे. डॉक्टरांकडे जाताना थिनर, रंग आणि हार्डनरच्या डब्यांवरील लेबलांचे फोटो सोबत न्यावेत आणि आठवड्यात किती तास बंद गॅरेजमध्ये जातात हे आपण होऊन सांगावे, कारण कार्यालयात बसून काम करणाऱ्या माणसाच्या रक्तातील शिसे तपासण्याचा विचार एरवी डॉक्टरांच्या मनात सहसा येत नाही.