दिवाळखोर चित्रकाराचा ताळेबंद

वाणिज्य शाखेत आपण दिवाळखोरीचा कायदा शिकतो. पण दिवाळे निघाल्यावर त्या माणसाचे पुढे काय होते, हे पाठ्यपुस्तकात नसते. त्या दृष्टीने जॉन जेम्स ऑडुबॉन या अमेरिकन पक्षिचित्रकाराचे चरित्र अभ्यासण्यासारखे आहे. त्याच्या कलेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्याच्या हिशेबाची बाजू पाहू.

ऑडुबॉनचा जन्म २६ एप्रिल १७८५ रोजी आजच्या हैती देशात झाला व बालपण फ्रान्समध्ये गेले. नेपोलियनच्या लष्करभरतीतून सुटावा म्हणून वडिलांनी त्याला १८०३ मध्ये अमेरिकेस धाडले. केंटकी प्रांतात त्याने दुकान काढले, पुढे वाफेवर चालणारी गिरणी उभारली. पण त्याचे लक्ष गल्ल्यापेक्षा रानातील पाखरांवर अधिक! १८१९ च्या मंदीत गिरणी बुडाली, कर्जापायी त्याला तुरुंगही पाहावा लागला.

१८२० मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, त्याने अमेरिकेतील पक्षी त्यांच्या खऱ्या आकारात रंगवण्याचा संकल्प सोडला. घर कोणी चालवले? त्याची पत्नी ल्यूसी हिने, शिक्षिकेची नोकरी करून. फिलाडेल्फियात प्रकाशक मिळेना, तेव्हा १८२६ मध्ये तो इंग्लंडला गेला. त्या प्रवासालाही ल्यूसीच्या शिलकीचा हातभार होता.

आता भांडवलाचा प्रश्न. मोठा पक्षीही पूर्णाकृती दाखवायचा, म्हणून कागद सुमारे ३९ इंच लांब व २६ इंच रुंद. तांब्याच्या पत्र्यावर कोरीव काम, छपाई, मग प्रत्येक प्रतीत हाताने रंग. एवढा पैसा दिवाळखोराला कोण देणार? ऑडुबॉनने वर्गणीदार जमवले. (आपल्या अंकाच्या कानडी विभागातले वाचक त्यांना ‘चंदादार’ म्हणतील.) पाच चित्रांचा एक हप्ता, किंमत दोन गिनी. प्रत्येक हप्त्यात एक मोठे चित्र, एक मध्यम व तीन लहान. त्यामुळे कोणताही हप्ता घेणाऱ्याला फिका वाटत नसे. एका हप्त्याची वसुली पुढच्या हप्त्याच्या खर्चाला लागे. मराठीतील प्रकाशनपूर्व नोंदणीचीच ही लांबलेली आवृत्ती म्हणा ना!

१८२७ ते १८३८ या काळात ८७ हप्त्यांत ४३५ चित्रे निघाली. एका संचाची किंमत १७४ गिनी, म्हणजे १८२ पौंड १४ शिलिंग झाली. एडिंबरोत रंगारी संपावर गेले, तेव्हा काम लंडनच्या हॅवेलकडे सोपवावे लागले. काही वर्गणीदार मध्येच गळाले. विक्री आणि वसुलीसाठी ऑडुबॉन स्वतः गावोगाव हिंडला. पुरे संच दोनशेही झाले नाहीत. मजकूर त्याने वेगळ्या ग्रंथात छापला. कारण मजकुराच्या पुस्तकाच्या प्रती ब्रिटिश कायद्याने ग्रंथालयांना फुकट द्याव्या लागत. एवढा महागडा संच फुकट देणे परवडणार कसे?

खरा नफा मात्र धाकट्या आवृत्तीने दिला. १८४० ते १८४४ दरम्यान सात खंडांत पाचशे चित्रे निघाली, हप्ता एक डॉलरचा, एकूण शंभर हप्ते. हजाराहून अधिक वर्गणीदार मिळाले. तीच कला मध्यमवर्गाच्या ऐपतीत आल्यावर धंदा उभा राहिला.

ताळेबंदाला दुसरी बाजूही असते. ऑडुबॉनने गुलाम बाळगले व विकले. त्याच्या अनेक चित्रांतील झाडेफुले जोसेफ मेसन या तरुण सहायकाने रंगवली. पण छापील चित्रांवर त्याचे नाव नाही. नमुन्यासाठी पक्षी बंदुकीने मारून तारांनी उभे केले जात. गुलामगिरीच्या कारणावरून अमेरिकेतील काही स्थानिक पक्षिप्रेमी संस्थांनी अलीकडे त्याचे नाव सोडले. राष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये ते कायम ठेवले.

त्याने रंगवलेला प्रवासी कबुतर हा पक्षी १९१४ मध्ये जगातून नाहीसा झाला. ऑडुबॉन १८५१ मध्येच वारला होता. २०१० साली लंडनच्या लिलावात त्याचा एक संच ७० लाख पौंडांहून अधिक किमतीस गेला. दिवाळे निघालेल्या माणसाची पत संपतेच असे नाही, हा यातला आपल्याला घेण्याजोगा धडा. मात्र ती पत ल्यूसीच्या पगारावर, मेसनच्या कुंचल्यावर आणि विकल्या गेलेल्या माणसांवरही उभी होती. नफा मोजताना ही नावे हिशेबात धरली नाहीत, तर आपला ताळेबंद जुळला असे म्हणता येणार नाही.